आमचा म्हातारा परत द्या : रीवर्क झालेल्या कॅरेक्टर्सबद्दल

रिकामा_तलवारबाज

रागात लिहितोय, शुद्धलेखनाकडे काणाडोळा करा.

एका ऑनलाइन गेममध्ये गेली चार वर्षं मी एकच कॅरेक्टर खेळतोय. गेमचं नाव मुद्दाम घेत नाही, नाहीतर धागा त्या गेमच्या भांडणात वाहून जाईल. कॅरेक्टर म्हणजे कुबड आलेला एक म्हातारा. खांद्यावर साखळदंड, चाल गोगलगायीची, पण एकदा साखळी लागली की समोरचा सुटायचा नाही. त्याला खेळायचं तर आपल्याला पळता येत नाही हे आधी मान्य करायचं आणि मग उभं कुठे राहायचं याचा विचार करायचा. मी त्यातच रमलो होतो.

गेल्या पॅचमध्ये (गेमच्या अपडेटमध्ये) म्हाताऱ्याचं रीवर्क झालं, म्हणजे त्याला नव्याने घडवलं. आता तो ताठ उभा राहतो, दंड पिळदार, साखळीतून निळा उजेड निघतो आणि तो उडी मारतो. म्हातारा उडी मारतो! वर मी पैसे मोजून घेतलेली स्किन, म्हणजे त्याचा वेगळा पेहराव, नव्या अंगावर ताणून बसवलीय. दुसऱ्या कुणाचा सदरा चुकून घातल्यासारखी दिसते.

माझा साधा प्रश्न आहे. जुनी फाइल त्यांच्याकडे असणारच ना? मग जुना आणि नवा दोन्ही ठेवा, ज्याला जो हवा तो तो घेईल. असं कुठल्या गेमने केलंय का? आणि केलं नसेल तर का नाही?

धूमकेतू१२

नव्याचे नऊ दिवस. दहाव्या दिवशी तुम्हीच म्हणाल, उडी थोडी लांब हवी होती.

चौथी_चाल

"फाइल असणारच ना" हे वाचून राहवलं नाही. मी थ्रीडी ॲनिमेशनचं काम करते. गेमचं नाही, पण सांगाड्याचं दुखणं सगळीकडे सारखंच.

कॅरेक्टर ही एक फाइल नसते. वरचं कातडं वेगळं, आतला सांगाडा वेगळा, त्या सांगाड्यावर बेतलेल्या हालचाली वेगळ्या, साखळीचे इफेक्ट वेगळे, आवाज वेगळे. तुमच्या म्हाताऱ्याचं कुबड त्याच्या कण्याच्या हाडांत होतं. नवीन सांगाड्यात हाडांची संख्या आणि नावं बदलली असतील, तर जुनं कातडं त्यावर नीट बसणार नाही. तुमच्या स्किनचं तेच झालंय. एका कॅरेक्टरला दहा स्किन असतील तर रीवर्कच्या वेळी दहाही पुन्हा शिवाव्या लागतात, आणि प्रत्येकीला मुख्य रूपाइतका वेळ कुणी देत नाही.

तरी फक्त रूप परत देणं त्यातल्या त्यात सोपं, आणि ते झालेलंही आहे. लीग ऑफ लेजंड्स या गेममध्ये २०१३ साली कर्मा हे कॅरेक्टर बदललं तेव्हा तिचं जुनं रूप 'ट्रॅडिशनल कर्मा' नावाची स्किन म्हणून ठेवलं. डोटा २ मध्ये २०१३ सालीच स्केलेटन किंग जाऊन त्याच्या जागी हिरवट भुताटकीचा रेथ किंग आला. २०२० च्या बॅटल पासमध्ये (पैसे भरून बक्षिसं मिळवायची योजना) त्याला 'द वन ट्रू किंग' ही आर्काना, म्हणजे खास स्किन, मिळाली, आणि ती लावली की जुना हाडांचा राजा परत येतो. म्हणजे सात वर्षांनी आणि पैसे मोजून, पण आला.

रिकामा_तलवारबाज

@चौथी_चाल, माहितीबद्दल आभार. पण विचार केला तर मला स्किन नकोच आहे. कुबड परत आलं आणि तो कुबड घेऊन उडी मारायला लागला तर ते आणखी वाईट दिसेल. मला तो चालायचा तसा हवाय.

कोपऱ्यातला_टरेट

म्हणजे तुम्हाला किट (कौशल्यांचा संच) हवंय. तिथेच गाडी अडते.

मी रँक्ड (क्रमवारीचे सामने) खेळतो, म्हणून माझी बाजू सांगतो. समोरून कोण येतंय हे मला अर्ध्या सेकंदात सावलीवरून कळायला हवं. कुबड दिसलं तर साखळी येणार, ताठ दिसला तर उडी येणार, इतपत ठीक आहे. पण जुनं किट, नवं किट, जुनी स्किन, नवी स्किन असा सगळा मेळ जमवायला लागलात तर मी कुणाला चुकवायचं?

आणि बॅलन्स, म्हणजे सगळ्यांची ताकद तोलून ठेवणं. समजा गेममध्ये १६० कॅरेक्टर्स आहेत. कोण कोणासमोर उभा राहील अशा जोड्या होतात १२,७२०. त्यातल्या फक्त ४० जणांची जुनी आवृत्ती परत आणली की २०० कॅरेक्टर्स आणि जोड्या १९,९००. सात हजारांहून जास्त जोड्या नव्याने तपासायच्या, आणि त्याही अशा लोकांच्या हट्टापायी जे महिन्यातून दोनदा खेळतात.

बऱ्याच जुन्या किट काढल्या त्याला कारण होतं. लीगमधल्या जुन्या पॉपीची अल्टी (सगळ्यात मोठं कौशल्य) आठवते का? एक शत्रू निवडायचा, आणि मग तो सोडून बाकी कुणाच्याही माराचा तिच्यावर परिणाम नाही. ती सगळ्यात लेच्यापेच्या खेळाडूवर लावायची आणि पाच जणांत बिनधास्त घुसायचं. तिच्या बाजूने खेळणाऱ्याला धमाल होती हो. उरलेल्या चौघांनी करायचं काय? टाळ्या वाजवायच्या? २०१५ मध्ये ती बदलली ते बरंच झालं.

धूमकेतू१२

महिन्यातून दोनदा खेळणारा मी. हजर आहे.

पिवळे_पंख

मी ओव्हरवॉचमध्ये मर्सी खेळते, २०१६ पासून. 'जुनी मर्सी परत द्या'वाल्यांत मीही होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : सुरुवातीला मर्सीची अल्टी म्हणजे आसपास मेलेल्या सगळ्या साथीदारांना एका झटक्यात उठवणं. सप्टेंबर २०१७ मध्ये ते काढलं. उठवणं एका वेळी एकाचं आणि साधं कौशल्य झालं, अल्टी म्हणून उडण्याचं 'व्हॅल्किरी' आलं. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये 'ओव्हरवॉच क्लासिक' नावाचा मोड काही दिवसांसाठी आला. मूळचे २१ हिरो, सहा विरुद्ध सहा, २०१६ सालची किट. सिमेट्राचे सहा टरेट (आपोआप मारा करणाऱ्या तोफा), टॉर्बजॉर्नने भंगार गोळा करून चिलखतं वाटणं, हँझोचा फुटणारा बाण, सगळं. माझी मर्सीसुद्धा.

पहिल्या संध्याकाळी डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. तिसऱ्या संध्याकाळी लक्षात आलं की अर्धा वेळ मी भिंतीआड लपून माझीच माणसं मरायची वाट बघतेय. तीन मेले, चौथा मरतोय, थांब, थांब, अजून एक... आता! हे मी २०१६ मध्येही करत असणार. तेव्हा ते लपणं वाटत नव्हतं.

तरी तो मोड आला याचं मला बरंच वाटलं. आठवणीतल्या मर्सीशी भांडत बसण्यापेक्षा खरी मर्सी तीन दिवस खेळून सोडणं चांगलं.

तळटीप

पूर्ण मागे फिरवल्याची उदाहरणंही आहेत, फक्त ती लवकर झाली तरच होतात. लीगमधला कॉगमॉ २०१५ च्या शेवटी बदलला आणि २०१६ मध्ये पुन्हा जुन्या किटवर आला. लब्लाँ २०१६ च्या शेवटी बदलली, तीही काही काळाने जुन्या बांधणीवर परतली. दोघांच्या बाबतीत बदल प्रामुख्याने कौशल्यांत होता, अंगकाठी नवी नव्हती. एकदा नवं मॉडेल, नवा आवाज, नवी कथा आणि वर चार नव्या स्किन आल्या की मागचा दोर कापला गेला म्हणून समजा. एट्रॉक्सचं २०१८ मध्ये असंच झालं. त्याचं जुनं किट आजही मागणारे आहेत, पण नव्या एट्रॉक्सचेही आता तितकेच जुने चाहते झालेत.

दुसरी एक वाट ओव्हरवॉच २ ने काढली. फेब्रुवारी २०२५ मध्ये पर्क आले, म्हणजे सामना चालू असताना दोन पर्यायांतला एक निवडायचा. त्यात जुन्या किटचे तुकडे परत आणलेत. ओरिसाला भाला फिरवण्याऐवजी जुनी ढाल घेता येऊ लागली, बॅस्टियनला स्वतःची डागडुजी, हँझोला तोच फुटणारा बाण. आख्खी जुनी ओरिसा नाही, तिची एक सवय तेवढी.

कोपऱ्यातला_टरेट

पर्क मला चालतील. एक तुकडा आहे, तोलता येतो, नाही जमला तर काढता येतो.

नवखी_भिंगरी

घाबरत घाबरत लिहितेय. धागालेखक कुठल्या गेमबद्दल बोलतायत हे मला बहुतेक कळलंय, कारण मी तोच खेळते, आणि नवा म्हातारा हेच माझं कॅरेक्टर आहे. 🙈

त्याच्या रीवर्कचा व्हिडिओ बघूनच मी गेम उतरवला. जुना कसा होता ते मी फक्त चित्रांत पाहिलंय. तुम्ही म्हणता परत द्या, पण परत दिला तर माझा जाणार ना? का माझा मोजायचा नाही?

रिकामा_तलवारबाज

नाही हो, तुमचा काढा असं मी कुठे म्हटलं? दोन्ही ठेवा म्हणालो होतो. पण खरं सांगू, पहिली पोस्ट लिहिताना तुमच्यासारखं कुणी असेल हे डोक्यातच नव्हतं.

सर्व्हरखालचा_उंदीर

दोन्ही ठेवा, म्हणतोय तो. आता मी बोलतो. पोटापाण्यासाठी सर्व्हरचा कोड लिहितो, त्यामुळे लांबण लागणार.

जुनं कॅरेक्टर हे जुन्या गेमच्या नियमांवर उभं असतं, आणि ते नियम कुठेही एका जागी लिहिलेले नसतात. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक. मूळ गेम २००४ चा. २०१० च्या कॅटक्लिझम या विस्तारात जुनं जगच बदललं. जुनं परत हवं असलेल्यांनी स्वतःचे सर्व्हर चालवले, त्यातला नॉस्टॅलरियस हा मोठा. एप्रिल २०१६ मध्ये कंपनीच्या वकिलांच्या पत्रानंतर तो बंद झाला, आणि मग अधिकृत जुना सर्व्हर द्या म्हणून दोन लाखांहून जास्त सह्या जमल्या. त्याआधी, २०१३ च्या ब्लिझकॉनमध्ये, म्हणजे कंपनीच्या मेळाव्यात, असा सर्व्हर देणार का या प्रश्नाला मंचावरून उत्तर आलं होतं की तुम्हाला ते हवंय असं वाटतं, पण खरं तुम्हाला ते नकोय. २०१७ मध्ये त्याच ब्लिझकॉनमध्ये क्लासिकची घोषणा झाली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ते सुरू झालं.

आता त्यांनी ते केलं कसं. आधी १.१२ या जुन्या पॅचचा कोड उकरून तो तसाच चालवून पाहिला. चालला, पण त्याबरोबर जुने सगळे बग, जुन्या सुरक्षेची भोकं, आजच्या लॉगिन व्यवस्थेशी फारकत, असं सगळं गाठोडं आलं. मग त्यांनी उलटी वाट धरली. कोड आजचा ठेवायचा आणि त्याला १.१२ चा डेटा वाचायला शिकवायचं. बाण किती लागतो, राक्षसाला किती जीव, कुठे कोण उभं, हे सगळं डेटा.

पण खेळण्याची जी गत असते ती डेटात नव्हती. जुना सर्व्हर मंद होता. तो मंत्रांचे हुकूम एकेक करून न हाताळता गठ्ठ्याने हाताळायचा, साधारण ४०० मिलिसेकंदांचा एक गठ्ठा. त्यामुळे दोन जादूगारांनी एकाच वेळी एकमेकांची मेंढी केली, तर दोघेही मेंढ्या व्हायचे. आजच्या सर्व्हरवर जो कणभर आधी तो जिंकतो, दुसरा मेंढी. जुन्या खेळाडूंच्या हाताला ती मेंढरं ओळखीची होती. म्हणून क्लासिकमध्ये वेगवान सर्व्हरला मुद्दाम मंद वागायला लावलं. पुढे खेळाडूच कुरकुरले की हे अडखळतं, आणि २०२१ मध्ये तो उशीर जवळजवळ काढून टाकला.

तेव्हा @रिकामा_तलवारबाज, तुझा म्हातारा 'हळू' होता म्हणतोस. तो किती हळू होता हे बाकीचे किती वेगात होते त्यावर ठरत होतं. या चार वर्षांत बाकीच्यांना काय काय मिळालं ते आठव. आजच्या सामन्यात जुना म्हातारा सोडला तर तो साखळी उचलेपर्यंत आटोपलेला असेल.

रिकामा_तलवारबाज

हे खरंय. रीवर्कच्या आधीचे सहा महिने मी हरतच होतो. ते पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं.

धूमकेतू१२

आता आली गाडी रुळावर.

जुनी_आर्केड

पोरांनो, हा वाद तुम्हाला नवा वाटतो. १९९४ सालच्या सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बोमध्ये हे होतं! कॅरेक्टर निवडताना बटणांचा एक गुप्त क्रम दाबला की त्या कॅरेक्टरची आधीच्या आवृत्तीतली जुनी बांधणी मिळायची. पण फुकट नाही. जुन्याला सुपर मूव्ह नाही, आणि फेकलं तर सावरून पडता येत नाही. थोडक्यात, जुना हवा तर जुन्याच्या उणिवाही घ्या. मला हे आजवरचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर वाटतं.

अर्थात तरीही घोटाळा झालाच. जुना सगट इतका भारी निघाला की जपानमध्ये खेळाडूंनी आपापसांतच ठरवलं की त्याला घ्यायचं नाही. नियमात बंदी नव्हती, पण घेतला तर लोक तोंड फिरवत.

पुढे २०१४ च्या अल्ट्रा स्ट्रीट फायटर फोरमध्ये तर 'एडिशन सिलेक्ट' म्हणून उघडच पर्याय दिला. एकच कॅरेक्टर, पण कुठल्या आवृत्तीतला ते तुम्ही ठरवा. एकास एक लढाईत हे निभावतं. पाच विरुद्ध पाचमध्ये कसं निभावेल देव जाणे, मी तो प्रांत सोडला.

चौथी_चाल

@जुनी_आर्केड, हे भारी आहे. किंमत लावून जुना द्यायचा ही कल्पना आजच्या गेममध्ये कुणी फारशी वापरत नाही. किंमत म्हटली की दुकानच आठवतं त्यांना.

पिवळे_पंख

@चौथी_चाल +१. आणि रँक्डमध्ये नका देऊ हवं तर. खासगी लॉबीत द्या. दहा मित्र जमवून खेळू, बॅलन्सची बोंब कोण मारणार?

सर्व्हरखालचा_उंदीर

खासगी लॉबीतही ते चालतं ठेवावं लागतं. दर पॅचला इंजिन बदलतं, आणि न खेळलेला कोड गुपचूप मोडतो. सहा महिन्यांनी म्हातारा जमिनीत कमरेपर्यंत रुतलेला सापडेल आणि पहिली तक्रार तुझीच येईल. एखाद्या माणसाला त्या कामावर कायमचं बसवायला लागतं. रूनस्केप या गेमवाल्यांनी ते मनावर घेतलं म्हणून 'ओल्ड स्कूल' ही त्याची जुनी आवृत्ती टिकली. ऑगस्ट २००७ चा बॅकअप सापडला, तो परत सुरू करावा का यावर मतदान घेतलं, साधारण साडेचार लाख मतं पडली, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये सर्व्हर सुरू झाला. पण तो २००७ मध्ये गोठवून ठेवला नाही. नवं काही घालायचं तर खेळाडूंचं मत घ्यायचं, ७५ टक्के होकार असेल तरच. पुढे ते ७० वर आणलं. स्वतंत्र चमू, स्वतंत्र गेम. एका म्हाताऱ्यासाठी एवढं कोण करतं?

तळटीप

चाहते करतात, पण त्यांना करू दिलं जात नाही. लीगच्या सुरुवातीच्या सीझनचा गेम पुन्हा उभा करणारा 'क्रोनोशिफ्ट' हा चाहत्यांचा प्रकल्प वर्षानुवर्षं चालला होता. २०२१ मध्ये कंपनीच्या कायदेशीर मागणीनंतर तो गुंडाळावा लागला. कायद्याने हक्क कंपनीचा आहे, त्यात वाद नाही. पण स्वतः द्यायचं नाही आणि दुसऱ्याने केलेलं ठेवू द्यायचं नाही, याला आपल्याकडे म्हण आहे, ती लिहीत नाही.

कोपऱ्यातला_टरेट

इथे मात्र मी तुमच्या बाजूने. चाहत्यांच्या सर्व्हरने माझ्या रँक्डचं काय बिघडतं? काहीच नाही.

नवखी_भिंगरी

एक विचारू का? जुना म्हातारा खेळताना कसा दिसायचा ते मला बघायचंय. तुमच्याकडे जुन्या सामन्यांचे रिप्ले असतील ना?

रिकामा_तलवारबाज

रिप्ले १४० आहेत. एकही उघडत नाही.

सर्व्हरखालचा_उंदीर

उघडणार नाहीत. रिप्ले म्हणजे बहुतेक ठिकाणी व्हिडिओ नसतो, कुणी केव्हा काय दाबलं याची नोंद असते. ती नोंद वाचायला त्याच पॅचचा गेम लागतो. पॅच गेला की नोंद राहते पण वाचणारा राहत नाही.

रिकामा_तलवारबाज

एक क्लिप सापडली. मित्राला दाखवायला म्हणून मोबाइलने स्क्रीनचंच शूटिंग केलं होतं, चाळीस सेकंदांची. हलतेय, आवाज फाटलाय, पण म्हातारा आहे. पुलाच्या टोकाशी उभा आहे, काहीच करत नाहीये, आणि समोरचे तिघे पुढे यायला तयार नाहीत. लिंक पहिल्या पोस्टमध्ये जोडली आहे.

चौथी_चाल

पाहिली. मस्तच आहे! धंद्याची खोड म्हणून सांगते, चालताना त्याची साखळी दर दुसऱ्या पावलाला डाव्या गुडघ्यातून आरपार जाते. कुणाच्या लक्षात आलं नसेल, पण तो बग आहे.

नवखी_भिंगरी

अय्या, तो किती हळू वळतो! आणि तरी ते तिघे घाबरलेत. मला वाटायचं हळू म्हणजे कंटाळवाणा असेल.

रिकामा_तलवारबाज

@नवखी_भिंगरी, शनिवारी रात्री ऑनलाइन असाल तर या. नव्याला उडी न मारता खेळून बघू, पुलाच्या त्याच टोकाला. बहुतेक मरू.

@चौथी_चाल, तो बग नव्हता. त्याचा गुडघा तसाच होता.

धूमकेतू१२

मीही येतो शनिवारी. महिन्यातली दुसरी वेळ.